हार्फबझ: पडद्यावरच्या मराठीची तेरा वर्षं

जांबोटीत आज वर्गणीची यादी, दुकानाचं बिल, लग्नाची पत्रिका सगळं मोबाईलवर मराठीत फिरतं. बेळगावहून कणकुंबी, चोर्ल्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावरच्या गावांत मराठी, कन्नड आणि गोव्याची कोंकणी रोज कानावर पडतात. आता पडद्यावरही त्या बिनधोक उमटतात. यामागे एका मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररीचं, म्हणजे इतर प्रोग्रामनी वापरायच्या तयार कोडचं, मोठं काम आहे. तिचं नाव हार्फबझ. २०१२ ते २०२५ या काळात ती कशी सांभाळली गेली, हे मराठी माणसाने जाणून घ्यायला हवं.

त्याआधीचे दिवस डीटीपीवाल्यांना चांगले आठवतील. प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे. बेळगावात टाइप केलेली फाईल पुण्यात उघडायची, तर तोच फॉन्ट तिथेही हवा. नाहीतर पानभर अगम्य चिन्हं. युनिकोडने अक्षरं साठवण्याचा प्रश्न सोडवला. मराठीला लागणारा ‘ॲ’ त्यात २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. पण साठवणं वेगळं आणि रेखाटणं वेगळं.

उदाहरणार्थ, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. पहिल्यात द, ऱ, हलन्त, य आणि काना असे पाच संकेत एका ओळीत साठवलेले असतात. दुसऱ्यात ‘ऱ’च्या जागी ‘र’ असतो, बाकी सगळं तेच. एवढ्याशा फरकावरून ठरवायचं असतं की ‘य’च्या आधी आडवा र काढायचा की डोक्यावर रफार द्यायचा. ‘वि’मधली वेलांटी तर व्यंजनानंतर साठवलेली असते, पण दिसते आधी. कोणता संकेत कुठे हलवायचा आणि फॉन्टमधला कोणता आकार उचलायचा, हा निवाडा हार्फबझ करते. कन्नडचा ‘ಒತ್ತು’, म्हणजे अक्षराखाली बसणारं व्यंजन, तीच लावते.

हे काम आधीही होत होतं, पण विस्कळीतपणे. फॉन्ट रेखाटणाऱ्या फ्रीटाइप प्रकल्पातला मूळ कोड पँगो आणि क्यूटी या दोन प्रणालींनी आपापल्याकडे घेतला आणि दोन्ही प्रती हळूहळू एकमेकींपासून दूर गेल्या. एकीकडे दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राही. प्रोग्रामर बेहदाद एस्फहबोद यांनी हे सगळं एकत्र आणून नव्याने लिहिलं. भारतीय लिप्यांसाठी त्यांनी देवनागरीचे सात लाखांवर शब्द चाचणीला लावले आणि निकाल मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी ताडून पाहिला. किती शब्द चुकले, याचा हिशेब ते प्रत्येक मोठ्या बदलासोबत नोंदवत. २०१२ मध्ये ०.९ या मालिकेतून नवी हार्फबझ सर्वांच्या हाती आली.

पुढे २०१५ मध्ये १.०, २०१८ मध्ये २.०, २०२१ मध्ये ३.० अशा आवृत्त्या निघाल्या. २०२२ मध्ये तर ४, ५ आणि ६ अशा तीन मोठ्या आवृत्त्या आल्या; २०२५ मध्ये अकरावी आली. सॉफ्टवेअरच्या जगात पहिला आकडा बदलला की धास्ती वाटते, कारण रूढ संकेतानुसार त्याचा अर्थ होतो: जुनं चालणार नाही, तुमचे प्रोग्राम दुरुस्त करा. हार्फबझने असं कधी होऊ दिलं नाही. लिनक्सवर या लायब्ररीच्या फाईलच्या नावाला एक सुसंगततेचा आकडा जोडलेला असतो. जुने प्रोग्राम मोडणारा बदल झाला की तो वाढवावा लागतो. तो आकडा सुरुवातीपासून शून्यच आहे. नको झालेली फंक्शन्स ‘वापरू नका’ असा शिक्का मारून बाजूला ठेवली, पण काढून टाकली नाहीत. मला हे या तेरा वर्षांतलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

या भरवशामुळेच इतरांनी तिच्यावर इमारती उभारल्या. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडने ती स्वीकारली. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी ही फोनची भाषा म्हणून निवडता येऊ लागली. २०१७ मध्ये लिबरऑफिस ५.३ ने सर्व संगणक प्रणालींवर हीच लायब्ररी आणली. फॉन्टची बाजूही भक्कम झाली. रेड हॅटच्या पुण्यातल्या चमूने लोहित फॉन्ट सांभाळले, तर मुंबईच्या एक टाइपने मुक्तासारखे खुले फॉन्ट दिले.

एक गोष्ट मात्र अजून अडते. लायब्ररी सुधारली तरी जुन्या फोनमध्ये जुनीच आवृत्ती बसून राहते. काही ॲप तर स्वतःची वेगळी प्रत सोबत आणतात. त्यामुळे एकाच फोनवर एका ॲपमध्ये जोडाक्षर नीट दिसतं आणि दुसऱ्यात तुटतं. तेव्हा लोक फॉन्टला दोष देतात. पण खरा प्रश्न अनेकदा आवृत्तीचा असतो.

म्हणून विनंती आहे. जोडाक्षर तुटलेलं दिसलं तर नुसती कुरकुर करू नका. तो शब्द, पडद्याचं चित्र, ॲपचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक एवढं लिहून हार्फबझ प्रकल्पाला कळवा. बेळगाव, निपाणी, खानापूरची जी मुलं संगणकाचं शिकत आहेत, त्यांनी नवी आवृत्ती येण्याआधी ती मराठी मजकुरावर चालवून पाहावी. मराठी कुठे चुकते, हे मराठी वाचणाऱ्यांनीच सांगायला हवं.