गाळलेलं विष जातं कुठे?

उत्तर इटलीत व्हिचेंझाजवळ त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथल्या ‘मितेनी’ कारखान्यातली फ्लोरिनयुक्त रसायनं अनेक दशकं जमिनीत मुरत राहिली. २०१३ मध्ये ती पिण्याच्या पाण्यात सापडली, तेव्हा सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी बाधित झालेलं होतं. मुलांच्या रक्तात तीच रसायनं निघाल्यावर तिथल्या आया संघटित होऊन रस्त्यावर उतरल्या. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना तुरुंगवास सुनावला. कारखाना २०१८ सालीच दिवाळखोरीत निघाला होता; पाणी मात्र आजही गाळावं लागतं.

या रसायनांना ‘पीफास’ म्हणतात. नॉनस्टिक तवा, पावसाळी जॅकेट, आग विझवायचा फेस अशा कितीतरी वस्तूंसाठी ती वापरली गेली. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो, की ऊन, पाऊस, जिवाणू यांपैकी कोणालाच तो सहजी तोडता येत नाही. त्यांतल्या ‘पीफोआ’ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं.

पाण्यातून पीफास काढता येतं. सक्रिय कोळशाचे थर, आयन-विनिमय रेझिन, आरओ हे तिन्ही उपाय चालतात. लहान साखळीचे रेणू मात्र कोळशातून लवकर निसटतात, म्हणून कोळसा वारंवार बदलावा लागतो. आणि खरी अडचण त्यापुढेच आहे: हे सगळे उपाय विष फक्त वेगळं करतात, नष्ट करत नाहीत. वापरलेला कोळसा प्रचंड तापमानाला भाजावा लागतो. कचरापट्टीत टाकला, तर विष झिरपून पुन्हा पाण्यात येऊ शकतं. ३७४ अंश सेल्सिअसच्या वर आणि २२० पटींहून जास्त वातावरणीय दाबाखाली पाण्यातच ते जाळता येतं, पण त्याला ऊर्जा फार लागते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक द्रावक आणि कॉस्टिक सोडा वापरून पीफोआसारखी रसायनं ८० ते १२० अंशांवर मोडून दाखवली. शोध मोलाचा आहे. पण सल्फॉनिक गटातल्या पीफासवर ही युक्ती चालत नाही.

हे कोकणात नीट समजून घ्यायला हवं. मितेनीची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत आली. तिथे प्रदूषण झालंच आहे, असा माझा आरोप नाही. पण नेहमीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू पीफास पचवू शकत नाहीत, आणि पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात पीफासची मर्यादाच नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीफोआसाठी ती लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली.

म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने लोट्याचं सांडपाणी, आसपासच्या विहिरी आणि दाभोळ खाडीचं पाणी पीफाससाठी नियमित तपासावं आणि आकडे मराठीत जाहीर करावेत. खेड-चिपळूणच्या ग्रामसभांनी तसे ठराव आत्ताच करावेत.