पेन्सिल सेलवरचा ठेका

रोलँड या जपानी कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं एक चंदेरी प्लॅस्टिकचं यंत्र काढलं. तादाओ किकुमोतो यांनी घडवलेल्या या यंत्राचं काम एवढंच होतं: एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ देणं. पोटात चार जाडे सेल घातले की ते कुठेही नेता येई. बेत चांगला होता, पण आवाज खऱ्या बास गिटारच्या जवळपासही फिरकेना. गिटारवाल्यांनी पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं.

त्यात सूर भरण्याची रीत तर विलक्षणच. आधी लयीचा विचार न करता नुसते स्वर एकापाठोपाठ भरायचे. मग दुसऱ्या फेरीत त्यांची लय भरायची: इथे नवा स्वर, इथे आधीचाच लांबवा, इथे शांतता. घरं जास्तीत जास्त सोळा. एखादं घर चुकलं की पुढची सगळी ओळ सरकते आणि भलतंच काही वाजू लागतं. हे भलतं पुष्कळदा मूळ बेतापेक्षा बरं निघतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचीही सोय आहे, आणि ती घसरण आपल्या कानाला थेट मींडेसारखी लागते.

ही मींडेसारखी घसरण मुंबईत एका माणसाने नेमकी हेरली. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. सिंगापुरात त्यांना हे यंत्र मिळालं. सोबत टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन त्यांनी १९८२ मध्ये दहा रागांची तबकडी केली: भैरवी, ललत, यमन, मालकंस वगैरे, आणि खाली डिस्कोचा ठेका. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोचं ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून जे नृत्यसंगीत जगभर गाजलं, ते इथे पाच वर्षं आधीच वाजत होतं.

त्यावरून अ‍ॅसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला, असं काही उत्साही मंडळी म्हणू लागली. मला हे ओढूनताणून आणलेलं वाटतं. शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकल्याचा काही मागमूस नाही. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या ‘फ्यूचर’ गटाला ३०३ मिळालं ते जुन्या बाजारात, पडत्या भावात. यंत्र वाजत असताना पिअरने त्याचे नॉब पिळले, आवाज कधी चिरका तर कधी घोगरा झाला, आणि त्यातून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघालं. ते १९८७ साली प्रसिद्ध झालं. सिंग यांनी त्या यंत्राकडून राग गाऊन घेतला, तर या पोरांनी त्याच्या आवाजालाच गाणं केलं.

म्हणून अशा छोट्या यंत्रांच्या जाहिरातींतल्या ‘चालता-फिरता स्टुडिओ’ या शब्दांवर माझा पुरता विश्वास नाही. या डब्यांचं मोल पिशवीत मावण्यात जेवढं होतं, त्याहून जास्त ते फुकापासरी मिळण्यात होतं. स्टुडिओचं तासाचं भाडं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्या हाती ते पडले.

खऱ्या अर्थाने प्रवासी यंत्र १९९० चं, यामाहाचं क्यूवाय-१०. आकार व्हीएचएस कॅसेटएवढा, चालायचं सेलवर, आणि आठ ट्रॅकचं आख्खं गाणं त्यात रचता येई. गंमत म्हणजे अशा यंत्रांना ‘ग्रूव्हबॉक्स’ हे नाव ज्याच्यामुळे रुळलं, ते रोलँडचं १९९६ चं एमसी-३०३ अडॅप्टरशिवाय चालतच नव्हतं! दरम्यान मुलांच्या हातातला निन्टेंडोचा गेम बॉयही या कामाला लागला. जर्मनीच्या ऑलिव्हर विटखो यांचं ‘नॅनोलूप’ आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचं ‘लिटल साउंड डीजे’ ही कार्ट्रिजं घातली की त्याच्या चार आवाजांतून गाणी रचता येऊ लागली. हिप-हॉप निर्माता मॅडलिब याने २००२ मध्ये साओ पाउलोच्या हॉटेलात एसपी-३०३ हा छोटा सॅम्पलर, तबकडी वाजवायचं यंत्र आणि टेपरेकॉर्डर एवढ्यावर जे तुकडे जमवले, त्यांतले काही पुढे ‘मॅडव्हिलनी’ या गाजलेल्या अल्बममध्ये गेले. परगाव, खोलीचं दार लावलेलं आणि करायला दुसरं काही नाही, हा संगीतकाराला मिळालेला एक मोठाच लाभ.

आज पर्याय भरपूर आहेत. स्टॉकहोमच्या टीनेज इंजिनिअरिंगने २०१५ मध्ये काढलेले पॉकेट ऑपरेटर म्हणजे उघडा सर्किट बोर्ड, वर छोटा पडदा, मागे दोन बारीक पेन्सिल सेल. पुण्याहून मुंबईला जाताना मी एकदा त्यावर ठेका बसवत होतो, तर शेजारचे काका म्हणाले, “कॅल्क्युलेटर बिघडला का हो?” मग एक इअरफोन त्यांनी कानाला लावला आणि कर्जत येईपर्यंत परत दिला नाही. रोलँडचं २०१९ चं एमसी-१०१ थोडं मोठं: चार ट्रॅक, सोळा पॅड, चार पेन्सिल सेल. गाण्याच्या क्लासला गेलेल्या मराठी घराला यात नवल वाटायचं कारण नाही. बंगळूरच्या राडेल कंपनीचं तबला मशीन तिथे केव्हापासून कपाटावर बसलेलं आहे. फरक इतकाच की त्यात ताल तयार मिळतो, इथे तो आपण रचायचा.

ही यंत्रं मुळात सोळा घरांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या, हिशेबावर चालतात, पण अनेकांत प्रत्येक ट्रॅकची शेवटची पायरी वेगळी ठरवता येते. ढोलाला सोळा पायऱ्या द्या, सुराला दहा. दोघे एकत्र निघतात, लगेच फुटतात आणि थेट ऐंशी पायऱ्यांनंतर पुन्हा समेवर भेटतात. त्या वेळात कानाला दर वेळी नवीच जुळणी ऐकू येते, हाताने मात्र काहीच बदललेलं नसतं. दहा मात्रांच्या झपतालात वाढलेल्या माणसाला हा खेळ लगेच उमजतो. नाइटक्लबच्या ठेक्यावर वाढलेल्याला तो मुद्दाम शोधावा लागतो.

प्रवासातली अडचण वेगळीच आहे, ती आवाजाची. गाडीचा घरघराट नेमका खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे साध्या इअरफोनमधून बासचा अंदाज येत नाही. नकळत आपण तो वाढवत जातो आणि घरच्या स्पीकरवर लावताच भिंती हादरतात. म्हणून प्रवासात मी स्वर आणि वरच्या पट्टीतले ठोके तेवढे रचतो, ढोल आणि बासची पातळी घरी येऊनच लावतो. एमसी-१०१ला फोनची पॉवर बँक यूएसबीने जोडली की सेलचाही प्रश्न मिटतो, फक्त वायर जरा लांब घ्यावी, नाहीतर मधल्या सीटवर हात हलवायची पंचाईत होते.