जमिनीखालची टाकी आणि डिपची वही

कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्याने जाणारा माणूस पेट्रोल पंपावर थांबतो, यंत्रावरचे शून्य पाहतो, पैसे देतो आणि निघतो. आपण ज्या जागेवर उभे होतो तिच्याखाली हजारो लिटरच्या पोलादी टाक्या पुरलेल्या आहेत, हे त्याच्या मनातही येत नाही. माझ्याही येत नसे. पंपावरच्या कामगारांत वावरू लागल्यावर हे शिकलो. शाळा माझी थोडीच झाली.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे उन्हाळ्यात टँकर म्हटला की पाण्याचाच आठवतो. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईस जाते आणि येथील बायाबापड्या विहिरीचा तळ खरवडतात. आपला खडक काळा बेसाल्ट. पाणी त्याच्या भेगांतून वाहते. त्याच भेगांत पेट्रोल उतरले तर ते कोणाच्या विहिरीत निघेल, हे वरून सांगता येत नाही.

कायदा नाही असे नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम यांखाली अशा पंपास परवाना लागतो. तो देणाऱ्या 'पेसो' या सरकारी संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. टाकीची वाफ सोडणारी नळी जमिनीपासून निदान ४ मीटर उंच हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून ५० मीटरचे अंतर घातले. जागेची अडचण असेल तर जादा बंदोबस्त करून ३० मीटर, त्याहून कमी नाही. अमेरिकेत पुरलेल्या टाक्या गंजून भूजल नासू लागले तेव्हा १९८४ साली कायदा झाला, आणि जुन्या टाक्या सुधारण्यास वा काढण्यास १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत दिली गेली.

परंतु गळती पकडते कोण? साहेब रोज येत नाही. पकडते ती वही. सकाळी कामगार टाकीत खुणांची काठी सोडतो. यालाच डिप घेणे म्हणतात. कालचा साठा, त्यात टँकरने ओतलेला माल, त्यातून नोझलने विकलेला वजा केला की जे उरते ते काठीशी जुळले पाहिजे. अगदी तंतोतंत कधीच जुळत नाही. टाकी अडीच मीटर व्यासाची, चार मीटर लांबीची धरा. ती निम्मी भरली असता काठीवरील एक मिलिमीटर म्हणजे १० लिटर. शिवाय उष्णतेने पेट्रोल फुगते, थोडे उडते. म्हणून एका दिवसाच्या फरकाला अर्थ नाही. फरक रोज एकाच बाजूला, तुटीकडेच, पडू लागला की मात्र कान टवकारावेत. रोजचे १० लिटर म्हणजे वर्षाला ३,६५० लिटर.

काठीच्या टोकाला पाणी ओळखण्याचा लेप लावतात. पाणी लागले की त्याचा रंग बदलतो. पावसाळ्यात भूजल वर चढून टाकीत शिरले, तर ज्या छिद्रातून ते आत आले त्याच छिद्रातून उन्हाळ्यात पेट्रोल बाहेर जाणार. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते पाणी शोषते, त्यामुळे थोडे पाणी लेपाला चटकन सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी एका पंपाचे कामगार माझ्याकडे आले. (पंपाचे नाव सांगत नाही.) तक्रार गळतीची नव्हती, पगाराची होती. महिन्याची तूट निघाली की ती त्यांच्या पगारातून कापत. मी वही मागितली. तीन महिने तुटीचे आकडे, आणि नंतर एकाएकी सारे जुळलेले! मी डिप घेणाऱ्या पोराला विचारले. तो म्हणाला, "दादा, खरं लिहिलं की पैसे जातात. मग जुळवूनच लिहितो."

आम्ही मालकाशी बसलो. मी सांगितले, दोन महिने कपात बंद ठेवा आणि पोरांना दिसेल तेच लिहू द्या. नाखुशीने का होईना, त्यांनी ऐकले. वहीत तूट पुन्हा दिसू लागली आणि ती रोजची होती. शेवटी फरशी उखडली. टाकी शाबूत होती. टाकीपासून यंत्राकडे जाणाऱ्या नळीचा सांधा झिरपत होता आणि भोवतालचा मुरूम पेट्रोलने ओला झाला होता.

मागे कापलेले पैसे परत मिळायला आणखी चार महिने लागले. त्यातले निम्मेच मिळाले.