ढेकणाची पत्रिका

गणपती जवळ आले की मालवण-कणकवलीकडच्या घरांतून माळ्यावरच्या गाद्या खाली येतात आणि खाटा अंगणात निघतात. मुंबईचे चाकरमानी यावयाचे असतात. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याचा जुना परिपाठ. आता त्याची जागा विषारी फवाऱ्याने घेतली आहे. तरी ढेकूण मरत नाही.

तो का मरत नाही, याचे उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळते. त्या वर्षी ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी ढेकणाचा जनुकसंच वाचून मांडला. हे वाचन मोडीतील दस्तऐवज वाचण्यासारखेच आहे. अक्षरे लागली म्हणजे अर्थ लागला असे नव्हे. सलग लिखाणात शब्द कोठे तुटतो, कलम कोठे सुरू होते, हे जाणकारालाच ठरवावे लागते. येथे अक्षरे होती सुमारे ६५ ते ७० कोटी. त्यांतून एका गटाने १४,२२० जनुके निश्चित केली. अर्थ लागला तेव्हा दिसले की, विषाचे विघटन करणारी विकरे आणि विष आत शिरू न देणारे कवच या दोहोंचा मजकूर ढेकणाच्या अंगीच लिहिलेला आहे. डी.डी.टी.ला न जुमानणारे ढेकूण तर १९४७ सालीच हवाई बेटांवर आढळले होते.

मात्र तेव्हा वाचली गेली ती समशीतोष्ण मुलखातील ढेकणाची पत्रिका. कोकणासारख्या उष्ण, दमट प्रदेशात प्रामुख्याने नांदतो तो त्याचा भाऊबंद, ‘सायमेक्स हेमिप्टेरस’. पहिल्याला गुळगुळीत भिंतीच्या सापळ्यातून वर चढता येत नाही. दुसरा सहज चढून जातो. भावाच्या पत्रिकेवरून भावाचे भविष्य वर्तविण्यातला धोका एवढ्यावरून ध्यानात यावा.

म्हणून मुले निजतात त्या खोलीत विषाची मात्रा वाढवीत जाणे हा शहाणपणा नव्हे. त्यातून मरतात ते दुबळे ढेकूण. उरतात आणि वाढतात ते निबर. कोणत्या गावचा ढेकूण कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे आधी तपासले पाहिजे. त्यासाठी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी कोणा परदेशी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. नमुने गोळा करण्यास काचेच्या कुप्या, भिंग आणि विद्यार्थ्यांची चिकाटी पुरेशी आहे.

तोवर आजीचे उकळते पाणी विसरू नये. पन्नास अंशांपुढची उष्णता ढेकूण आणि त्याची अंडी, दोहोंचाही निकाल लावते.