नामे आली, क्रियापदे मागे राहिली

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजरस्ता आणि पुण्याकडे वळणारा रस्ता जेथे एकमेकांस मिळतात, त्या नाशिकच्या द्वारका चौकात उभे राहून सभोवारच्या पाट्या वाचल्या, तर रिचार्ज, कुरिअर, ब्रॉडबँड, डिजिटल, स्पोकन इंग्लिश असे शब्द देवनागरी वेषात इतक्या सहजतेने समोर येतात की, ते परभाषेतले आहेत याची जाणीव वाचणाऱ्यास होत नाही आणि रंगविणाऱ्यासही झालेली नसते. संपर्क आणि प्रसार यांच्या व्यवहारातला हा इंग्रजी शब्दसंभार आपल्याकडे कोणत्या क्रमाने आला, त्यातले काय टिकले, काय लोपले, आणि आज इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या हाती त्यातून नेमके काय लागले, याचा शंभर वर्षांपुरता मागोवा येथे घ्यावयाचा आहे. शंभर वर्षांची ही मर्यादा सकारण आहे. द्वारकेवरून पुण्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे जे नाशिकरोड लागते, तेथे 1925 मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस स्थापन झाला आणि तेव्हापासून सबंध देशाची टपाल तिकिटे, पोस्टकार्डे व पुढे आंतर्देशीय पत्रे याच गावात छापली जाऊ लागली. हिंदुस्थानातल्या माणसांनी एकमेकांस जे काही लिहून कळविले, त्यातल्या फार मोठ्या भागाचा कागद अथवा त्यावरील तिकीट नाशिकच्या यंत्रांतून बाहेर पडले होते.

टपाल ही काही इंग्रजांनी आणलेली अपूर्व गोष्ट नव्हे. जासूद, हलकारे, अखबारनवीस यांची रीतसर व्यवस्था पेशवाईच्या दफ्तरात पदोपदी आढळते. परंतु 1 जुलै 1879 रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि जी सोय सरकारदरबारापुरती व सावकारापुरती होती, ती सामान्य रयतेच्या आवाक्यात आली. या सोयीबरोबर आलेले शब्द कोणी शाळेत शिकविले नाहीत; खिडकीपलीकडच्या कारकुनाने ते शिकविले. मनीऑर्डर, रजिस्टर, पार्सल, बुकपोस्ट, व्हीपी हे शब्द ज्यास उच्चारता येत नसत, त्याचे कामच अडत असे. शिवाय त्यांची योजना करताना लोकांनी मोठा विवेक दाखविला. ज्या वस्तूस घरात जवळचा शब्द होता, तिला तो दिला. जिला नव्हता, तिचा इंग्रजी शब्द जिभेला मानवेल असा घडवून घेतला, म्हणून 1950 मध्ये आलेले आंतर्देशीय पत्र छापील मजकुरात आंतर्देशीय राहिले, परंतु बोलण्यात ‘इनलँड’ झाले. पत्त्यातील ‘मु. पो.’ या दोन अक्षरांत तर अरबी मुक्काम आणि इंग्रजी पोस्ट असे शेजारी शेजारी नांदले की, त्यांची कुळे निराळी आहेत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिन कोड सुरू झाला, नाशिकच्या वाट्यास 422 हे आरंभीचे आकडे आले, आणि निरक्षर माणूसही ‘पिन टाका’ असे लिहिणाऱ्यास बजावू लागला.

तारेची गोष्ट याहून वेगळी. कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही नगरे 1854 मध्ये तारायंत्राने जोडली गेली, आणि ‘तार’ हा आपलाच शब्द त्या नव्या विद्येस इतका चपखल बसला की, टेलिग्राम हा शब्द कचेरीच्या पाटीवरच राहिला. परंतु शब्द मराठी असला, तरी आतला मजकूर दीर्घकाळ इंग्रजी असे, आणि आकार शब्दागणिक पडत असल्यामुळे ते इंग्रजीही अत्यंत काटकसरीचे असे. ‘फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली’ या धर्तीचे वाक्य कित्येक मराठी घरांनी ऐकलेले पहिले इंग्रजी वाक्य होते. तार आली म्हणजे ती वाचून घेण्यासाठी मास्तरांकडे अथवा वकिलाकडे धाव घ्यावी लागे, आणि वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरून अर्थ आधीच उमगत असे. उपपद नाही, सहायक क्रियापद नाही, अशी ही मोडकी भाषा पुढे कित्येकांच्या इंग्रजी बोलण्याचा नमुना होऊन बसली, याकडे आपल्या भाषाशिक्षकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

दूरध्वनीने आणखी एक परिभाषा आणली. ट्रंक कॉल नोंदविताना ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग हे सांगावे लागे, आणि ठराविक इसमाशीच बोलणे जोडून हवे असेल, तर ‘पी.पी.’ म्हणावे लागे. याच दोन अक्षरांचा पुढे असा प्रताप झाला की, ज्याच्या घरी फोन नाही, तो शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या पत्रिकेवर ‘पी.पी.’ असे लिहून बेधडक छापू लागला. मग थेट लागणाऱ्या एसटीडीचे युग आले, नाशिकसाठी 0253 हा संकेतांक पाठ झाला, आणि पिवळ्या पाटीच्या त्या टपरीसच लोक ‘एसटीडी’ म्हणू लागले. ‘एसटीडीवर जाऊन येतो’ या वाक्यात सेवेचे नाव जागेचे नाव होऊन बसले. ही सारी परिभाषा आज मृत आहे. तार आणि टपाल यांच्या शब्दांचीही हीच गत: 14 जुलै 2013 रोजी शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. यंत्र गेले की त्याचा शब्दही मुदत संपलेल्या दस्तऐवजासारखा निकामी होतो. यास्तव संपर्काच्या शब्दांची कोणतीही यादी विद्यार्थ्याने कायमची म्हणून पाठ करणे व्यर्थ आहे.

वृत्तपत्रांच्या प्रांतात मात्र चित्र उलटे दिसते. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढले, तेच मुळी मराठी व इंग्रजी अशा दुहेरी मजकुराचे. एकाच पानावर दोन भाषा जोडीने वाचावयास देणारे ते पत्र इंग्रजी शिकणाऱ्यासाठी आपोआपच एक क्रमिक पुस्तक होते. तथापि या व्यवसायात लिहिणारे, छापणारे आणि वाचणारे सर्वच मराठी असल्यामुळे त्याची अंतर्गत परिभाषा मराठीच घडत गेली. संपादक, वार्ताहर, अग्रलेख, मथळा, पुरवणी, वर्गणी या शब्दांस आजही पर्याय शोधावा लागत नाही. दादासाहेब पोतनीस यांनी 1938 मध्ये नाशकात सुरू केलेल्या ‘गांवकरी’सारख्या पत्रांनी ही परिभाषा खेड्यापाड्यांतल्या वाचकांपर्यंत पोहोचविली. छापखान्यात खिळे जुळविणारा कंपोझिटर प्रूफ काढी, म्हणजे एकाच वाक्यात दोन्ही भाषा बिनतक्रार राबत. परंतु घरी येणारा अंक मात्र पहिल्यापासून ‘पेपर’च. ज्याने घडविले त्याने मराठी शब्द वापरले, ज्याने विकत घेतले त्याने इंग्रजी. हा भेद पुढे प्रत्येक माध्यमात दिसून येतो.

चित्रपटाचा आरंभच या जिल्ह्याशी निगडित आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला, त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशकात आणला, आणि 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही येथेच उभी राहिली. त्या मूकपटाच्या उपलब्ध प्रतीत दृश्यांमधील मजकूर हिंदी व इंग्रजी अशा दोन भाषांत आहे. अर्थात पडद्यावरूनही भाषेचा पाठ मिळतच होता. पुढे नाशिकजवळच्याच भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, आणि चित्रपट, बोलपट, नभोवाणी, दूरध्वनी, दूरदर्शन या शब्दांचे श्रेय त्यांना दिले जाते. या शब्दांचे भवितव्य मोठे उद्बोधक ठरले. परीक्षण लिहिणारा ‘चित्रपट’ लिहितो, परंतु तिकीट काढणारा ‘पिक्चर’ला जातो, पत्राच्या माथ्यावर आपण ‘दूरध्वनी’ छापतो, परंतु ‘दूरध्वनी कर’ असे आईने मुलास सांगितल्याचे सहसा ऐकू येत नाही, दूरचित्रवाणीचे मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पुढे संस्थेचे नाव दूरदर्शन झाले, परंतु दिवाणखान्यात येऊन बसला तो टीव्ही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर 1960 मध्येच भाषा संचालनालय अस्तित्वात आले, त्याने पदनामांचे व परिभाषेचे कोश सिद्ध केले, आणि लेखी मराठी समर्थ झाली. बोलण्याचा मुलूख मात्र त्या हुकमतीच्या बाहेरच राहिला.

केबल, चॅनेल, रिमोट हे शब्द 1990 नंतरच्या दशकात आले, आणि त्यांच्या पाठोपाठ मोबाईल आला. त्याने आणलेल्या शब्दांची गती पूर्वीच्या कोणत्याही शब्दांहून अधिक होती, कारण येथे खिडकीही नव्हती आणि कारकूनही नव्हता. रिचार्ज, बॅलन्स, रेंज, मिस्ड कॉल, नेटपॅक, ग्रुप, फॉरवर्ड, स्टेटस हे शब्द निफाडचा द्राक्षबागायतदार, अंबडच्या कारखान्यातला कामगार आणि जुन्या नाशकातली आजी यांना एकाच वेळी प्राप्त झाले. मराठीने त्यांना तत्काळ आपले लिंगही दिले. टपालाचे कचेरीघर म्हणजे ‘ते पोस्ट’, परंतु समाजमाध्यमावर लिहिलेली ‘ती पोस्ट’. एकाच इंग्रजी शब्दाने दोन पिढ्यांत लिंग बदलले, आणि व्याकरणाचा फतवा कोणालाही काढावा लागला नाही.

या मागोव्यातून जे प्रमुखपणे लक्षात येते ते हे की, शंभर वर्षांत आपण घेतली ती केवळ नामे. त्यांना चालविणारी क्रियापदे आपण आपलीच ठेवली. आपण फोन लावतो, तो लागतो अथवा लागत नाही, पलीकडचा उचलतो, बोलणे झाले की ठेवतो. टीव्ही लावतो, मेसेज टाकतो, स्टेटस ठेवतो, मिस्ड कॉल देतो. मराठीच्या दृष्टीने हा मोठाच सद्गुण होय, कारण वाक्याचा कणा जोवर आपला आहे, तोवर भाषेच्या अस्तित्वास धक्का लागत नाही. परंतु इंग्रजी शिकणाऱ्याची फसगत नेमकी याच ठिकाणी होते. शब्द सारेच ओळखीचे, म्हणून वाक्यही येते असे त्यास वाटते, आणि मग टीव्ही ‘ओपन’ केला जातो, फोन ‘कीप’ केला जातो. वास्तविक इंग्रज तो ‘टर्न ऑन’ करतो, ‘हँग अप’ करतो, आणि फोन लागला नाही म्हणजे आपण ‘गेट थ्रू’ झालो नाही असे म्हणतो. बातमीचे बातम्या होते, म्हणून विद्यार्थी ‘अ न्यूज’ म्हणून मोकळा होतो, परंतु इंग्रजीत त्या शब्दास एकवचनाचे ते उपपद लागत नाही. ‘मीडिया’ हे मुळात ‘मीडियम’चे अनेकवचन, हेही त्यास कोणी सांगितलेले नसते. आपण ज्यास रेंज म्हणतो त्यास इंग्रज सिग्नल म्हणतो, आणि ‘माझ्याकडे रेंज नाही’ याचा शब्दशः तर्जुमा ऐकून तो बुचकळ्यात पडतो.

महाराष्ट्रात 2000 साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ज्यांचे शिक्षण झाले, त्यांची इंग्रजीशी शालेय ओळख पाचवीत अथवा त्याहूनही उशिरा होत असे. परंतु संपर्काच्या शब्दांपुरते पाहिले तर दोन्ही पिढ्यांची पुंजी जवळजवळ सारखीच आहे, कारण ती शाळेतून आलेलीच नाही. म्हणून या विषयाचा धडा रचणाऱ्याने न्यूजपेपर म्हणजे वर्तमानपत्र, टेलिफोन म्हणजे दूरध्वनी अशा याद्यांवर विद्यार्थ्याचा वेळ दवडू नये. जे त्यास ठाऊक आहे तेच पुन्हा पढविण्यात त्याचा अवमान आहे. त्याऐवजी त्याच्याच तोंडची दहा-वीस मराठी वाक्ये फळ्यावर लिहावीत, त्यांतील नामे तशीच ठेवावीत, आणि लावणे, लागणे, उचलणे, टाकणे, ठेवणे यांच्या जागी इंग्रजी काय म्हणते तेवढेच शिकवावे. द्वारकेच्या चौकात ज्या माणसास पाटीवरचा प्रत्येक इंग्रजी शब्द कळतो, त्यास एक संपूर्ण इंग्रजी वाक्य बोलता यावे, एवढेच अंतर आता तोडावयाचे आहे, आणि ते शब्दकोशाने तुटणारे नाही.