विश्लेषण : फक्त एक इंच खाली… ‘मस्टँग’ वळणावर कशी सावरली?

फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ‘मस्टँग’ सादर केली. तिच्या देखण्या पत्र्याखालचे बरेचसे सुटे भाग ‘फाल्कन’ या साध्या, किफायतशीर गाडीचे होते. (काटेकोर जाणकार मस्टँगला ‘मसल कार’ नव्हे, ‘पोनी कार’ म्हणतात, पण व्ही-८ इंजिन बसवल्यावर हा वाद फारसा उरत नाही.) सरळ रस्त्यावर ती सुसाट पळायची, वेगात वळण घेताना मात्र वळायचे सोडून पुढेच सरकू पाहायची. आज अशा गाड्या ट्रॅकवर उतरवणाऱ्या हौशी मालकांसमोरही हेच दुखणे असते. अनेक जण आधी कडक स्प्रिंगांवर पैसे घालतात. त्याहून स्वस्त उपाय १९६५ मध्येच वापरात आला होता.

मूळ दुखणे काय?

गाडी उजवीकडे वळली की बॉडी डावीकडे झुकते आणि बहुतेक भार पुढच्या डाव्या चाकावर येतो. त्या वेळी टायर रस्त्यावर सपाट टेकलेला हवा. मस्टँगमध्ये बॉडीबरोबर चाकाचा वरचा भागही बाहेर कलायचा. टायर कडेवर यायचा, पकड सुटायची. चाकाच्या या तिरकेपणाला ‘कॅम्बर’ म्हणतात. अलाइनमेंट करून घेताना हा शब्द अनेकांनी ऐकला असेल. त्यात व्ही-८ इंजिनाचे सगळे वजन पुढच्या बाजूला.

एका इंचाने काय बदलले?

फोर्डचे सस्पेन्शन अभियंते क्लाउस आर्निंग यांनी उपाय काढला तो भूमितीचा. चाकाला वरून धरणारा कंट्रोल आर्म आतल्या बाजूला जिथे बोल्टने बसतो, ती जागा १ इंच खाली आणायची. प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे एकूण चार नवी छिद्रे. आता आर्मचे आतले टोक खाली आणि चाकाकडचे टोक वर राहते. त्यामुळे चाक वर उचलले गेले की आर्म त्याचा वरचा भाग आत ओढतो. बॉडी झुकली तरी टायर रस्त्यावर अधिक सपाट राहतो. शिवाय गाडीचे नाकही थोडे खाली येते.

कॅरोल शेल्बी यांच्या १९६५ च्या ‘जीटी३५०’मध्ये हा बदल होता. जोडीला जाड अँटी-रोल बार आणि कोनीचे शॉकअप. मागे ट्रकसारखे पाटे आणि अखंड ॲक्सल; जोरात पिकअप घेताना तो पिळवटू नये म्हणून वरून लोखंडी दांडे जोडले. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ चित्रपटामुळे नव्या पिढीला माहीत झालेले केन माइल्स यांनी या गाडीच्या चाचण्या घेतल्या आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्सासमधील ग्रीन व्हॅली ट्रॅकवर तिची पहिली शर्यतही जिंकली. आजही गॅरेजवाले या बदलाला ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणतात. आर्निंग यांचे नाव तुलनेने मागेच राहिले.

करताना धोका कुठे?

छिद्रे पाडणे सोपे. अवघड आहे ती स्प्रिंग. मस्टँगमध्ये ती वरच्या आर्मवरच दाबून बसवलेली असते. योग्य कॉम्प्रेसरशिवाय काढायला गेल्यास ती सुटून गंभीर इजा होऊ शकते. ज्या टॉवरला आर्म जोडतात, तिथे गंज किंवा तडा असेल तर आधी वेल्डिंगचे काम. शेवटी नव्याने अलाइनमेंट हवेच. १ इंचाहून जास्त खाली गेले, तर बॉल जॉइंट अडकू शकतो. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणे हा तर शुद्ध आडमुठेपणा: चाकाची हालचाल आखडते, कॅम्बरचे दुखणे पुरते जात नाही.

बाजारात टॉवर कापून बसवायची महागडी किट्सही मिळतात. मात्र कापलेला टॉवर पूर्ववत करणे जिकिरीचे. ‘शेल्बी ड्रॉप’मध्ये जुनी छिद्रे जागेवरच असतात, आर्म पुन्हा वर नेता येतो. मूळ अवस्थेतल्या गाडीला चांगली किंमत मिळते, हे लक्षात घेता ही बाब छोटी नाही.

खुद्द शेल्बींनी मात्र १९६६ च्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर खर्च वाचवण्यासाठी रस्त्यावरच्या ‘जीटी३५०’मधून हा बदल काढून टाकला.