जात्यावरची ओवी आणि फोनचा पडदा

ऑनलाइन पत्रकारितेत ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द मिरवू लागला तो २०१२च्या डिसेंबरनंतर. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तेव्हा ‘स्नो फॉल’ ही हिमप्रपातावरची वृत्तकथा प्रसिद्ध केली. मजकूर खाली सरकवत जावे तसा डोंगर दिसतो, नकाशा हलतो, माणसे बोलतात. देखणे काम, पण वाचकाकडे काम उरते ते मुख्यतः बोट सरकवण्याचे.

मला जास्त शिकवले ते जात्यावरच्या ओव्यांनी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह बांधला. २०१७पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या ओव्या आवाज, चित्रफीत, मराठी शब्द आणि भाषांतरासह मांडते. ओवीखाली गाणारीचे नाव असते, गाव असते. हेमाताईंनी विषयवार केलेली वर्गवारी हाच या संग्रहाचा कणा. सीतेच्या वनवासाकडून शिराल की भावाच्या वाटेकडून, हे वाचकाने ठरवायचे. मला रचना म्हणायची ती याला. हलणारा नकाशा नसला तरी चालेल.

गेल्या वर्षी पारनेर तालुक्यात आत्याकडे गेलो होतो. तिला फोनवर एक ओवी ऐकवली. गावात पिठाची गिरणी आल्यापासून तिचे जाते अंगणात पालथे पडले आहे. तिने कान दिला, म्हणाली, “हिची चाल आमच्यावानी नाय रं,” आणि स्वतःच म्हणू लागली. एकीने उचलायची, दुसरीने पुढे न्यायची, ही ओवीची जुनीच रीत. नेवाशाला सांगितली गेलेली ज्ञानेश्वरीही ओवीतच, आणि तिथले श्रोतेही मुके नाहीत. बहुतेक संवादी वृत्तकथांत मात्र ऐकणाऱ्याला वाट निवडता येते, उत्तर देता येत नाही. आत्याच्या ओवीला त्या पडद्यावर जागा कुठे होती?

मी फोनवरच तिचा आवाज घेतला. अकरा ओव्या निघाल्या. बारावीचा शेवट तिला आठवेना. मग नाव, गाव, तालुका लिहायला बसलो, तर गावावरच अडलो. ओव्या शिकली माहेरी, आईच्या मांडीशी बसून; म्हटल्या सासरी, चाळीस वर्षे. माझ्या तक्त्यात गावाचा रकाना एकच. “कोणतं लिहू?” विचारले.

“दोन्ही लिही की,” आत्या म्हणाली, “पण माहेर आधी.”

त्या संध्याकाळी मी तक्त्यात एक रकाना वाढवला.